बाहेर उघडलेला दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. दर्शनी दरवाजाला पाहुण्यांचे नमस्कार लाभतात. माझ्या वाट्याला आजन्म ओल्या हातांचे ठसे आले, कारण मी न्हाणीघराचा दरवाजा आहे. तरीही माझे चरित्र ऐकावे, अशी नम्र विनंती आहे. एका घराची अडचण मी चाळीस वर्षे माझ्या अंगावर वागवली आणि ती दूर झाली त्या दिवशी माझा जणू पुनर्जन्म झाला.

माझी घडण दर्शनी दरवाजातून उरलेल्या फळ्यांची. सुताराने मला रंध्याने गुळगुळीत केले आणि चार फूट रुंद, साडेपाच फूट लांब अशा इवल्याशा न्हाणीघराला आत उघडेल असे बसवले. त्याचा दोष नव्हता. बाहेरच्या अरुंद वाटेत तेव्हा कपड्यांचे एक थोरले कपाट उभे होते. मी बाहेर उघडलो असतो, तर पहिल्याच दिवशी त्याच्यावर आदळलो असतो.

मात्र मी आत उघडलो की निम्मे न्हाणीघर मीच व्यापून टाकी. आत शिरणाऱ्याने पोट आत घ्यावे, भिंतीला पाठ लावावी, मला लोटावे आणि मगच श्वास सोडावा, हा त्या घराचा नित्याचा आचार होता. दुसराही एक आचार होता. माझी कडी एकदा निखळली आणि पुष्कळ दिवस तशीच राहिली. तेव्हा घरातल्या आजोबांनी आपला निळ्या पट्ट्यांचा पंचा माझ्या माथ्यावर टाकला आणि सर्वांना बजावले, "पंचा दिसला की समजायचं, आत माणूस आहे. कुणी हात लावायचा नाही." पुढे नवी कडी बसली, तरी पंच्याचा मान कायम राहिला.

आजोबा व्यवसायाने शिंपी. "घर लहान असलं तरी दरवाजा दणकट आहे हं," असे म्हणून ते मला थोपटत. परंतु कालांतराने पाण्याने माझा पाय फुगला, रंगाचे पोपडे सुटले. कुणीतरी खाली पत्रा ठोकला आणि माझ्याकडे पाहणे सोडून दिले.

मग आजोबांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. आता काही महिने त्यांना वॉकर घेऊन चालायचे होते आणि बसून अंघोळ करायची होती. त्यांची लेक दुसऱ्या गावी राहत असे. तिने भावाला फोनवर स्पष्ट सांगितले, "बाबांना मी स्वतः घरी आणते. तुमचं न्हाणीघर बघते. जमण्यासारखं असेल तर ठेवते, नाहीतर तशीच माझ्याकडे घेऊन जाते." आजोबांनी दवाखान्यातून निरोप धाडला, "मला माझ्याच घरी राहायचं आहे. अंघोळीला मला कुणाचा हात नको."

घरात एकच धांदल उडाली. फरशी बसवणारे मिस्त्री आले. सामानाची ने-आण सोपी व्हावी म्हणून त्यांनी मला प्रथम उतरवले आणि भिंतीला टेकवून ठेवले. आजोबांच्या मुलाने मोकळ्या न्हाणीघराचे माप घेतले. सूनबाईंनी फिकट फरशी निवडली, म्हणजे खोलीत उजेड खेळेल. कोपऱ्यात हातभर बेसिन आले, भिंतीला घडीचे आसन आले, धरायला दांडा आला, छतालगत फळी आली. काय ती शोभा! मी बाहेरून डोळे भरून पाहत होतो. दरवाजाचे काय, असे कुणी विचारले की एकच उत्तर मिळे, "तो काय, आहेच."

आजोबा यायचे त्या दिवशी दुपारी मिस्त्रींनी मला आत नेले, चौकटीत उभे केले, आतूनच बिजागऱ्या आवळल्या आणि ऐटीत मला ओढले. मी चार बोटे उघडलो आणि थेट नव्या बेसिनवर आदळलो. त्यातच माझा फुगलेला पाय उंच झालेल्या फरशीत रुतला. पुढे नाही की मागे नाही!

"मिस्त्री, बाहेर या की," मुलगा म्हणाला.

"कुठून येऊ? नळातून?"

सूनबाईंनी फटीतून चहा देऊ केला. कप शिरेना, म्हणून बशी उभी सरकवली आणि फटीतूनच तिच्यात चहा ओतला. मिस्त्री बशीतून चहा फुरकत होते आणि नेमक्या त्याच क्षणी वाहन दारात थांबले.

लेक आत आली. तिने फटीतला डोळा पाहिला. "हे तुमचं न्हाणीघर? आणि आत हे कोण?"

"नमस्कार ताई," आतून आवाज आला. "फरशी छान बसलीय."

"बाबा, चला. बॅग उतरवूच नका."

मुलाचा चेहरा पडला. "ताई, थांब ना. दरवाजा काढून टाकतो, पडदा लावतो."

वॉकर टेकत आलेले आजोबा खुर्चीवर बसले. "पडद्यामागे अंघोळ करायला मी काय नाटकातला राजा आहे?"

"मग आसन काढतो."

"आणि मी उभ्याने तोल सांभाळू?"

मित्रांनो, मला तर कुऱ्हाडीचा आवाज ऐकू येऊ लागला होता. आजोबांनी मला नखशिखांत न्याहाळले. मग त्यांनी मुलाला विचारले, "माप घेतलंस तेव्हा दरवाजा कुठे होता?"

"उतरवलेला होता."

"वा! बाह्या बाजूला ठेवून शर्टाचं माप घेतलंस. अरे, मी गिऱ्हाइकाला हात वर करायला लावायचो. माणूस हलला की कळतं कुठे आवळतंय ते. बरं, हा आत का उघडतो?"

"पहिल्यापासून तसाच आहे."

"पहिल्यापासून इथे कपाट होतं. ते कुठे आहे?"

सूनबाईंनी पदर तोंडाला लावला. "बाबा, ते मोडीत काढून बारा वर्षं झाली."

"आणि बारा वर्षं आपण पोटं आत घेऊन शिरतोय!"

लेकीला हसू आवरेना. आतून मिस्त्री ओरडले, "आजोबा, लाख बोललात! एका तासात बाहेर उघडून देतो. आधी मला बाहेर काढा!"

मुलाने बाहेरून मला उचलून धरले, तेव्हा कुठे मिस्त्रींनी बिजागऱ्या सोडवून स्वतःची सुटका केली. त्यांनी माझा फुगलेला पाय तासला, कोरा रंग दिला, मी मिटताना जिला टेकतो ती चौकटीची पट्टी काढून आतल्या कडेला ठोकली आणि बिजागऱ्या बाहेरच्या अंगाला बसवल्या. मी बाहेर उघडलो. आयुष्यात प्रथमच मी कुणाचीही जागा अडवली नव्हती.

वॉकर सरळ आत गेला. आजोबा आत गेले. त्यांनी मला ओढून घेतले. मात्र डॉक्टरांनी सांगितल्यामुळे कडी लावली नाही. क्षणभराने निळ्या पट्ट्यांचा पंचा माझ्या माथ्यावरून बाहेर लोंबला.

लेक दोन पावले पुढे आली. तिचा हात माझ्यापर्यंत पोहोचला, पंच्यापाशी थबकला आणि मागे गेला. आतून पाण्याचा आवाज आला, मग पुष्कळ वेळ काहीच नाही. मग खणखणीत स्वर आला, "कान लावून उभे आहात ना सगळे? जा, चहा टाका. मिस्त्रींना या खेपेला कपात द्या!"

त्या सायंकाळी लेक एकटीच परतली.

आज माझ्या आतल्या अंगावर लांब आरसा आहे; त्यामुळे न्हाणीघर दुप्पट दिसते. आरशाखाली आजोबांनी स्वतः शिवलेली पाच खिशांची जाड पिशवी आहे. तिच्यात कंगवा, साबण, दाढीचे सामान सुखाने नांदते.

मित्रांनो, माझे मागणे अल्प आहे. अंघोळ झाली की माझा पाय कोरड्या फडक्याने पुसत जा. आणि एखाद्या खोलीला लहान म्हणण्यापूर्वी तिच्या दरवाजाला एकदा विचारा, "बाबा रे, तू असा का उघडतोस?" आम्ही स्वतःहून बोलत नाही. कुणी विचारील, म्हणून वर्षानुवर्षे उभे असतो.