सतरा नंबरचं मशीन

समुद्रपूरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये संगणक, प्रिंटर आणि राउटर मिळून सव्वीस नग होते. वर्ध्याच्या मुख्य कचेरीतल्या हर्षाने सहा महिने एसटीने खेटे घालून त्यांना नंबर दिले, स्टिकर चिकटवले आणि नोंदी केल्या. ज्या प्रणालीत नोंदी केल्या तिचं नाव कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट डेटाबेस. एवढं नाव घेईपर्यंत चहा निवतो, म्हणून कचेरीत सगळे तिला ‘कुंडली’ म्हणत. जन्मतारीख, मुक्काम, कुणाचं काम कुणावर अडतं, सगळं त्यात होतं. नंबर नऊ: गोदामातला बंद संगणक, भंगारात काढायचा. नंबर सतरा: वजनकाट्याचा संगणक. हंगामातलं प्रत्येक वजन याच्यातच, दुसरी प्रत नाही. ही ओळ हर्षाने लाल केली होती. कचेरीतल्या साहेबांनी ती वाचली नव्हती.

हर्षा अकरा महिन्यांच्या करारावर होती, तेही चौथ्यांदा. तपासणीत दहापैकी नऊ नोंदी जुळल्या तर कायम करू, असं साहेब म्हणाले होते.

नोव्हेंबरात नागपूरहून तपासनीस प्रभाकरराव आले. मागोमाग भंगारची गाडीही आली, म्हणजे एका फेरीत दोन कामं. प्रभाकरराव स्टिकर वाचत आणि यादीवर खूण करत. फाटकाशी एक, शेजारी दोन, पुढच्या टेबलावर तीन.

"वा! ओळीनं नंबर असलेली कचेरी पहिल्यांदाच पाहतोय," ते म्हणाले.

हर्षाने वळून फाटकाकडे पाहिलं. तिने नंबर ओळीने दिलेच नव्हते. फाटकावरचा संगणक तिच्या नोंदीत बावीस होता. तिने भांडारपाल बबनरावांना बाजूला घेतलं.

"काकाजी, स्टिकर कोणी बदलवले?"

"बदलवले नाई मॅडम. दसऱ्याच्या पूजेले सगळ्या मशिनी ओल्या फडक्यानं पुसल्या, त निघूनच आले. देवासमोर मळकट मशीन ठेवाची का? मंग फाटकापासून एक ते सव्वीस लायनीनं लावून देल्ले. तुमचे नंबर पयले कसेही होते," बबनराव म्हणाले. शाबासकी मिळेल अशा अपेक्षेने ते उभे होते.

प्रभाकररावांची शेवटची खूण झाली. सव्वीसपैकी सव्वीस. कुंडली आणि जिनिंग, छत्तीस गुण जुळल्यात जमा. हर्षाला आनंद झाला, हे कबूल करायला हवं. गप्प राहायचं आणि पुढच्या आठवड्यात येऊन स्टिकर हळूच जागेवर लावायचे. कुणाच्या बापाला कळणार नव्हतं.

"नऊ नंबर उचला," प्रभाकरराव भंगारवाल्यांना म्हणाले.

नऊचं स्टिकर आता काट्याच्या खोलीतल्या संगणकावर होतं. काट्यावरची भागीरथाबाई जेवायला घरी गेली होती. बाहेर कापसाच्या गाड्या रांगेत उभ्या होत्या. दोघांनी वायरी काढल्या आणि संगणक उचलला. एक नंबर चुकला म्हटलं की सगळेच उलटून पाहिले जाणार, हे हर्षाला माहीत होतं.

"थांबा. ठेवा तो खाली. प्रभाकरराव, मागे छापलेला कंपनीचा क्रमांक यादीशी ताडून पाहा," ती म्हणाली.

त्यांनी पाहिला. मग चष्मा पुसून उरलेले पंचवीसही पाहिले. सव्वीसपैकी तीन जुळले.

"मॅडम, पैकीच्या पैकी होते तुमचे. काऊन बोलल्या?" प्रभाकररावांची नागपुरी आता कुठे बाहेर पडली. हर्षाला रडू येत होतं आणि बबनरावांच्या देखत तिला ते नको होतं. प्रभाकररावांनी अहवालात तीन लिहिले, सही केली. नोंदी जुळेपर्यंत काही उचलायचं नाही म्हणून गाडी रिकामीच परत गेली.

भागीरथाबाई जेवून आली. वायरी जोडता जोडता थबकली.

"हे नऊ कोणाचं लावलं इथं? आपलं सतरा आहे."

"तुम्हाला आठवतं?" हर्षाने विचारलं.

"काऊन नाई आठवणार? सतरा नंबरले कोणाले हात लावू देऊ नका, असं तुम्हीच त सांगतलं होतं. मी असती त उचलू देल्लं असतं का?"

पहिली गाडी काट्यावर चढली. भागीरथाबाईने वजन घेतलं.

हर्षाने आपला लॅपटॉप उघडला. सतरा नंबरच्या नोंदीत ‘जबाबदार व्यक्ती’ हा रकाना तिने सहा महिन्यांत कधी भरलाच नव्हता. तिने त्यात भागीरथाबाईचं नाव भरलं. करार संपायला अजून चार महिने होते.