मागचा दरवाजा

प्रवासी कर्मचाऱ्याचा जीव अमूल्य आहे, असं आमच्या औषध कंपनीने १९९८ साली परिपत्रक काढून ठरवलं. तोवर आमचे विक्री प्रतिनिधी वसईत ज्युलियसच्या लॉजवर उतरत, कारण तिथे सकाळी गरम पाणी मिळे.

लॉज सुरक्षित आहे का, याच्या पाहणीला कंपनीचे दळवीसाहेब आले. सकाळपासून लॉजच बघत फिरल्याने ते आल्या आल्या खुर्चीत बसले. "आग लागली तर दुसरी वाट कुठली?"

मागे दरवाजा होता, पण तो ज्युलियसच्या भावाच्या, मर्विनच्या अंगणात उघडायचा. वाटण्या झाल्यापासून मर्विनने त्याला बाहेरून कुलूप घातलं होतं. मान्यता मिळाली नाही तर ज्युलियसची निम्मी गिऱ्हाइकं जाणार होती. म्हणून इतक्या वर्षांचा अबोला गिळून तो कुंपणापाशी गेला.

"मर्विन, तेवढं कुलूप काढ रे."

"आग लागलीय?"

"नाही."

"मग लागली की हाक मार. किल्ली माझ्याकडेच असते."

दळवीसाहेबांना अजून नायगाव गाठायचं होतं. 'किल्ली शेजारी उपलब्ध' असा शेरा मारून त्यांनी मान्यता दिली.

मर्विन जहाजावर नोकरीला होता. सोमवारी त्याची सुट्टी संपली.