झाकण क, डबा ख

प्रयोगशाळेत तिला सगळे मोजपट्टीबाई म्हणायचे. तोंडावर नुसतं ‘बाई’, पाठीमागे पूर्ण नाव. उंदरांना द्यायच्या औषधाचा थेंबसुद्धा ती दोनदा मोजायची. तिसऱ्यांदा मोजायला लागली की शेजारचा माणूस चहाला उठायचा. सव्वीस वर्षांत तिच्या हातून एक कुपी फुटली नव्हती की एक आकडा इकडचा तिकडे झाला नव्हता.

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला ती मोठ्या फ्रीझरमधला बर्फ खरवडत होती. तळाच्या कप्प्यात मागच्या प्रयोगाचे दोन प्लास्टिकचे डबे सापडले. आत रिकाम्या कुप्या, त्यांच्यावर काहीच लिहिलेलं नाही. टाकून द्यावेत म्हणून तिने पहिला डबा उचलला. झाकणावर तिच्याच अक्षरात ‘क’ होतं. डब्याच्या कडेवर, तिच्याच अक्षरात, ‘ख’.

तिने दुसरा डबा उचलला. झाकण ख, डबा क.



क आणि ख ही दोन औषधं होती. माणसाच्या मेंदूत पेशींचे असंख्य सांधे असतात. काही शिकलं की त्यातले काही सांधे घट्ट होतात आणि ते घट्ट ठेवायचं काम काही एन्झाइमं करतात. आठवण काढली की सांधा थोडा सैल पडतो आणि एन्झाइमं तो पुन्हा आवळतात. नेमक्या त्या वेळी एन्झाइम अडवलं, तर ती आठवण पुन्हा बसत नाही. दोन्ही औषधं तेच एन्झाइम अडवायची. क त्याला कायमचं चिकटायचं, ख धुतलं की सुटायचं.

डाव्या मांडणीवरच्या पिंजऱ्यांतल्या उंदरांना क दिलं होतं. त्यांची फक्त विजेच्या झटक्याची भीती गेली, बाकी सगळं शाबूत राहिलं. उजवीकडच्यांना ख, आणि ते पाणी कुठे ठेवलंय तेही विसरले. चिकटून बसणारं औषध कमी पुसतं याचं प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, सरांना, आधी नवल वाटलं होतं. मग त्या नवलाचाच मोठा लेख झाला. आणि आज दुपारी दोन वाजता, रस्त्यापलीकडच्या रुग्णालयात, क पहिल्यांदा एका माणसाला दिलं जाणार होतं.

दोन्ही डबे हातात घेऊन ती सरांच्या खोलीत गेली. सरांनी ते उलटसुलट करून पाहिले.

“झाकणं नंतर बदलली असतील. कुप्या रिकाम्या झाल्यावर.”

“असतीलही,” ती म्हणाली. “पण प्रयोगाच्या आदल्या दिवशी वीज गेली होती. दोन्ही डबे मी बर्फात काढून ठेवले होते. झाकणं काढून.”

“आणि परत लावताना?”

“बघून लावली. मला स्वच्छ आठवतंय. आधी क लावलं, मग ख. हातात निळे मोजे होते.”

सरांनी नोंदवही काढली. त्या दिवशी वीज गेल्याची नोंदच नव्हती. मोज्यांच्या खरेदीचं पान उलटलं. निळे मोजे त्यानंतर दीड महिन्याने आले होते.

 आठवण दर वेळी नव्याने बसते आणि बसताना त्यात काय मिसळेल याचा नेम नसतो, हे या दोघांना वेगळं सांगायची गरज नव्हती. वीज गेल्याची हकीकत तिने कितीतरी जणांना रंगवून सांगितली होती. दर वेळी झाकणं तिने बघूनच लावली होती.

“त्या उंदरांच्या मेंदूचे नमुने आहेत,” ती म्हणाली. “धुऊन एन्झाइम तपासते. डावीकडचं धुतल्यावरही बंद राहिलं, तर ते क. चालू झालं, तर ख. साडेचार तास लागतील.”

“म्हणजे तीन वाजणार. दोनला औषध आहे.”

“रुग्णालयाला थांबवायला सांगू या.”

सर खिडकीशी गेले. “बाई, एक फोन केला की चौकशी लागते. दोन वर्षं खपून मिळवलेली मंजुरी जाते. आणि झाकणं नंतरच बदललेली निघाली तर?”

“तर मी मूर्ख ठरेन.”

“तुम्ही एकट्या नाही ठरणार.”

“मग तुम्ही नका करू फोन,” ती म्हणाली. “मी करते.”

सरांनी अडवलं नाही, होकारही दिला नाही. तिने फोन लावला. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “चारपर्यंत खोली माझ्या ताब्यात आहे. पण ती पेशंट सकाळपासून उपाशी आहे. कशासाठी थांबायचं, ते तिला तुम्ही सांगा. माझ्या तोंडून ते सारवासारव वाटेल.”

तिने नमुने काढले, वाटले, नळ्यांत भरले. दर नळीला ती मनातल्या मनात वीस आकडे मोजायची, मग पुढची नळी घ्यायची. नळ्या गरम पाण्याच्या पेटीत गेल्या तेव्हा सव्वा वाजला होता. आता दीड तास काहीच करायचं नव्हतं. ती रस्ता ओलांडून पलीकडे गेली.

पेशंट एका कापडाच्या गिरणीत बॉयलरवर काम करायची. बॉयलर फुटला तेव्हा तिचा सोबती जागीच गेला, ही वाचली. वर्ष झालं होतं. दोन्ही मनगटांवर भाजल्याचे गुळगुळीत डाग होते. शेजारी तिची थोरली जाऊ मांडीवर पिशवी घेऊन बसली होती.

“अजून किती वेळ उपाशी ठेवणार हिला?” जाऊ म्हणाली. “घरी कुकरची शिट्टी झाली की ही कॉटखाली. म्हणून घरात वर्षभर पातेल्यात भात शिजवतोय. आज एकदाचं होऊन जाऊ दे.”

मोजपट्टीबाई खुर्ची ओढून बसली आणि डब्यांची सगळी गोष्ट सांगितली. काही लपवलं नाही. “माझी चूक झाली असेल, तर तुम्हाला भलतंच औषध जाईल. भीती जाईल, पण बाकी किती काय जाईल ते सांगता येत नाही.”

“बाकी म्हणजे?” बॉयलरवालीने विचारलं.

“उंदीर पाण्याची जागा विसरले.”

जाऊबाईचा चेहरा उतरला. बॉयलरवाली मात्र तिच्याकडे एकटक बघत राहिली.

“तुमच्या वहीत ती नोंद नव्हती म्हणता?”

“नव्हती.”

“माझ्याही वहीत नव्हती. दर तासाला दाब लिहायचा असतो. त्या दिवशी नऊचा आकडा नाही. मी काटा बघितला होता की नाही, हे रोज आठवून बघते. एकदा तो बरोबर जागी दिसतो, एकदा लाल पट्ट्यात. आता खरं कुठलं, ते मलाच कळत नाही.”

“ते विसरायचंय तुम्हाला?”

“नाही,” ती म्हणाली. “शिट्टीची भीती जाऊ दे. पण फुटायच्या आधी तो काहीतरी बोलला होता आणि मी हसले होते. ते राहायला हवं. ते जाणार असेल, तर मला औषध नको. उपाशी राहीन मी चारपर्यंत. तुम्ही जाऊन बघा.”

मोजपट्टीबाई परत आली तेव्हा सर पेटीजवळ उभे होते. कोट काढून बाह्या सरसावलेल्या. कित्येक वर्षांत तिने त्यांना नळीला हात लावताना पाहिलं नव्हतं.

“धुवायला दोघं असलेले बरे,” ते म्हणाले.

नमुने तीनदा धुतले. मग रंग सोडला. एन्झाइम चालू असेल तर नळी पिवळी होणार, बंद असेल तर पाण्यासारखी राहणार. एका मांडणीच्या सहा नळ्या, दुसरीच्या सहा. तीन वाजून पाच मिनिटं झाली. काही नाही. दहा मिनिटं. सरांनी चष्मा पुसला. उजव्या मांडणीच्या नळ्या तशाच होत्या. डावीकडच्या पहिल्या नळीत पिवळसर झाक दिसल्यासारखं तिला वाटलं. पण एव्हाना तिचा स्वतःच्या डोळ्यांवरही भरवसा उरला नव्हता.

“पिवळी होतेय,” सर म्हणाले.

पंधरा मिनिटांत डावीकडच्या सहाही पिवळ्या झाल्या. उजवीकडची एकही नाही.

म्हणजे डावीकडच्या उंदरांना ख मिळालं होतं. पाण्याची जागा विसरायला लावणारं औषध क होतं, आणि तेच पलीकडे ट्रेमध्ये भरून तयार होतं.  तिने बघून लावलेली झाकणं, निळे मोजे, सगळं तिच्या डोक्यात अजूनही लख्ख दिसत होतं. तसूभरही पुसट झालं नव्हतं. आणि ते खोटं होतं.

सरांनी फोन उचलला. “औषध देऊ नका,” ते म्हणाले. “हो, मी स्वतः सांगतोय. लेखी पाठवतो.” मग क्षणभर थांबून, “झाकणं बदलली होती. आमच्याकडे.” ‘बाईंकडे’ असं ते म्हणाले नाहीत.

लेख मागे घ्यायचं पत्र त्यांनी तिथेच, ओल्या टेबलावर लिहिलं. तिने आपलं निवेदन वेगळ्या कागदावर लिहिलं. वीज कधी गेली, डबे कुठे ठेवले, किती वेळ. झाकणांपाशी आल्यावर तिचं पेन अडलं. मग तिने लिहिलं, ‘परत लावताना पाहिल्याचे आठवते, पण ती आठवण ग्राह्य धरू नये,’ आणि खाली सही केली.

चौकशी होणार होती. कदाचित निवृत्तीआधीची दोन वर्षं तिला कपाटांच्या याद्या करत काढावी लागणार होती. ते सगळं उद्यावर सोडून ती पुन्हा रस्ता ओलांडून गेली. बॉयलरवाली तिला दारातूनच बघत होती.

“भलतंच औषध होतं?” तिने विचारलं.

“भलतंच होतं. आज औषध नाही. दुसरं औषध पहिल्यापासून तपासावं लागेल. वर्ष तरी जाईल.”

बॉयलरवालीने हळूच श्वास सोडला. सुटकेचा की निराशेचा, कळायला मार्ग नव्हता. जाऊबाईने पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढून तिच्या हातात दिला, आणि मग मोजपट्टीबाईकडे वळून म्हणाली, “तुम्हीही सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही. बसा.”

ती बसली.