कडेचा ऊस

राजेश्वरी भांडत नाही, ही दगडाबाईची आपल्या सुनेबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार होती. बाकीच्या तक्रारी होत्याच. पायात बूट घालून रानात जाते, चहात आलं घालायला विसरते, धार काढताना म्हशीशी बोलत नाही. पण त्या रोज एकेक सांगून संपवता यायच्या. न भांडण्याचं काय करायचं? काहीही बोला, ती आपली "व्हय आत्या" म्हणणार, पदर खोचणार आणि जाऊन स्वतःला हवं तेच करणार.

"माझी सासू एक बोलली की मी चार परत टाकायची," दगडाबाई शेजारच्या ताईबाईला सांगायची. "घर कसं जितं वाटायचं. हिच्यासंगं भांडायचं म्हंजे उशीला बुक्क्या मारायच्या. हात दुखतो, उशी तशीच."

दगडाबाईचा लेक गोकुळ बारामतीला कंपनीत पाळीवर जायचा. पळसदेवच्या शिवारातलं, उजनीच्या पाण्याकडं उतरत गेलेलं घरचं रान राजेश्वरीच बघायची. गेल्या वर्षी लागणीच्या वेळी तिनं सरी पाडली ती पाच फुटांची. दगडाबाई बांधावर उभी राहून बघतच राहिली.

"अगं, एवढी रुंद? मधनं गाडी घालायची हाय का काय?"

"व्हय आत्या. गाडीच घालायचीय."

गाडी म्हणजे ऊस तोडायचं यंत्र. दोन वर्षं ऊसतोडीच्या टोळ्या वेळेवर आल्या नव्हत्या. उसाला तुरे आले, वजन गेलं, आणि अख्खं गाव टोळीच्या मुकादमाची मनधरणी करत फिरलं. मग बचत गटाच्या बायांनी ठरवलं, यंत्र आपणच घ्यायचं. राजेश्वरी इंदापूरला जाऊन ते चालवायला शिकून आली. ती तिकडं शिकत होती, तेव्हा दगडाबाईनं इकडं आपलं काम उरकलं. सुनेनं रानाच्या खालच्या टोकाला, पाटाच्या चारीलगत, एक पट्टा रिकामा सोडला होता. चांगली काळी जमीन, आणि मोकळी! दगडाबाईनं उरलेलं बेणं घेतलं, खुरपं घेतलं, आणि गुडघे टेकत टेकत अख्खा पट्टा स्वतःच्या हातानं आडवा लावून काढला.

राजेश्वरी परत आली. पट्टा बघून आली. दगडाबाई कंबर बांधून भांडायला तयार होती.

"आत्या, ती जागा यंत्र वळवायला ठेवली हुती."

"यंत्राला वळायला जागा पायजे, आन् माझ्या म्हशीला वाढं नगं? तुजं यंत्र शेंडं उडवून भुगा करतंय म्हणं. म्हशीनं काय खायाचं, तुजं बूट?"

"व्हय आत्या," राजेश्वरी म्हणाली, आणि आत गेली.

तोडणीच्या आठवड्यात तिनं पुन्हा एकदा विचारलं, कडेचा ऊस आधी हातानं काढून घेऊ का. "माझ्या उसाला कुनी हात लावायचा न्हाय," दगडाबाईनं सांगितलं. "मी लावलाय, मला वाटंल तवा निघंल." त्यावरही तेच. व्हय आत्या.

आणि आज यंत्र आलं होतं.

बघायला निम्मी वाडी बांधावर जमली होती. भानुदास तात्या सगळ्यात पुढं, धोतराचा सोगा आवरून, बोहल्याजवळची जागा धरावी तसा बसलेला. वाडीतला पहिला ट्रॅक्टर त्याचा, त्यामुळं चाक असलेल्या कुठल्याही गोष्टीवर बोलायचा हक्क आपला, असं तो धरून चाले. गटाच्या बायांना पक्कं ठाऊक होतं, आज घरच्याच रानात यंत्र अडलं तर उद्या वाडीतला एकही माणूस आपल्या उसाला ते लावू देणार नाही. राजेश्वरीनं सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. ते दगडाबाईनं बघितलं होतं.

नारळ फुटला. घरच्या रिवाजाप्रमाणं पहिले पाच ऊस घरच्या बाईनं तोडायचे, म्हणून दगडाबाईनं कोयता काढला, पाच ऊस तोडून कोयता कमरेला खोचला, उसांची मोळी बांधून यंत्राच्या तोंडाला टेकवली, हळदकुंकू वाहिलं. जवळ उभी राहिल्यावर तिच्या ध्यानात आलं की यंत्राचं नुसतं चाक आपल्या खांद्याला लागतंय. पुढं दोन लोखंडी शंखासारख्या फिरक्या, मागं आभाळाकडं उचललेली लांब सोंड, आणि वर काचेच्या खोलीत तिची सून. तिच्या घरात आवाज न करता वावरणारी.

"वयनी, सून लई उंचावर गेली की!" भानुदास हसला.

"मग मान वर करून बगा भाऊजी, तेवडाच तुमच्या मानंला व्यायाम."

यंत्र सुरू झालं आणि पुढचं बोलणं कुणाला ऐकू गेलं नाही. पायाखालची जमीन थरथरली. पाण्यावरची लाल पायांची पाखरं एकदम उठली, आभाळात एक गुलाबी चादर झटकल्यासारखी झाली आणि पल्याडच्या काठाकडं सरकत गेली. यंत्र उसात शिरलं. दगडाबाईनं आयुष्यभर ऊस पडताना बघितला होता. एकेक, कोयत्याच्या टणक आवाजाला, वाकून, शहाण्या माणसानं खाली बसावं तसा पडणारा. हे पडणं नव्हतं. उभी ओळ यंत्राच्या तोंडापाशी जायची आणि नसायचीच. वरनं पाचटाचा फवारा उडायचा, सोंडेतनं कांड्यांची धार शेजारी चालणाऱ्या ट्रॉलीत कोसळायची, आणि मागं उघडी पडायची ती मोकळी सरी. दगडाबाईच्या हातातलं हळदीचं ताट तिरपं झालं, हळद लुगड्यावर सांडली, तिला कळलं नाही.

ओळ संपत आली. आणि यंत्र थांबलं.

समोर दगडाबाईचा आडवा ऊस उभा होता. डोक्यापेक्षा उंच, हिरवागार, जाड बांध्याचा. त्याच्या पलीकडं लगेच चारी. आडवी ओळ तोडायची तरी यंत्र आधी वळायला हवं, आणि वळायला जागा नव्हती.

"आता काय, खेकड्यावानी मागं मागं येनार?" भानुदासचा आवाज इंजिनाच्या घरघरीवरनं आला. "प्रत्येक ओळीला असंच? पाडव्यापतूर निगंल ऊस!"

बांधावर हशा पिकला. गटातल्या भागूबाईनं तोंडाला पदर लावला. दगडाबाईला तो हशा कानशिलात मारल्यासारखा बसला. हसणारे यंत्राला हसत नव्हते, तिच्या घराला हसत होते. आणि हसायला कारण तिनंच स्वतःच्या हातानं, गुडघे टेकत लावून ठेवलं होतं. ती ताट खाली टाकून धावत पुढं गेली.

"घाल वरनं!" ती ओरडली. "माझाच ऊस हाय, चिरड त्येला! घाल वरनं, राजे!"

काचेआडून राजेश्वरीनं तिच्याकडं बघितलं. इंजिन बंद केलं. अख्ख्या शिवारात एकदम शांत झालं. ती पायऱ्या उतरून खाली आली, बूट चिखलानं माखलेले, कपाळावर पाचटाचा तुकडा चिकटलेला.

"न्हाय आत्या," ती म्हणाली.

दगडाबाईला वाटलं, आपल्याला चुकीचं ऐकू आलं.

"काय म्हनालीस?"

"न्हाय. उबा ऊस मी चाकाखाली घालनार न्हाय. तुमी लावलेला तर मुळीच न्हाय. हसूंद्यात त्येंना." तिनं हात पुढं केला. "कोयता द्या."

दगडाबाईनं कोयता दिला नाही.

"तुला येतंय का तोडाया? म्हनं कोयता द्या!" ती म्हणाली आणि वाकली. पहिला ऊस तिनं जमिनीलगत एका घावात उतरवला. राजेश्वरीनं तो उचलला, शेंडा मोडून वाढं एका बाजूला, ऊस एका बाजूला टाकला. मग भागूबाई कुठनं तरी कोयता घेऊन आली. मग ताईबाई, मग गटातल्या उरलेल्या दोघी. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. बांधावरची माणसं काही वेळ हसत राहिली, मग नुसती बघत राहिली, आणि भानुदास उठून वाढ्याच्या पेंढ्या बांधायला आला, तेव्हा दगडाबाई त्याला एवढंच म्हणाली, "आवळून बांदा भाऊजी, तोंडासारखं ढिलं नगं."

पट्टा मोकळा झाला. वाढं गोठ्याकडं गेलं. राजेश्वरी पुन्हा वर चढली. यंत्र हललं, आणि त्या मोकळ्या पट्ट्यावर एवढं मोठं धूड गोठ्यातल्या म्हशीनं दाव्याला फिरावं तसं अल्लाद फिरलं आणि दुसऱ्या ओळीला लागलं.

दगडाबाईची एक परीक्षा मात्र अजून बाकी होती. यंत्र लांब गेल्यावर ती कापलेल्या सरीत उतरली, खाली बसली आणि जमिनीत राहिलेल्या उसाच्या बुडख्यावरनं तळहात फिरवला. बुडखा फाटला तर पुढल्या वर्षीचा फुटवा गेला. टोळीच्या मागं तिनं जन्मभर उंच राहिलेले, चिरफाळलेले बुडखे पुन्हा छाटले होते, पाठ मोडेपर्यंत. तिनं एक बघितला. दुसरा बघितला. सरीनं चालत, वाकत, बघतच गेली. जमिनीबरोबर. गुळगुळीत. विळीवर कापलेल्या काकडीसारखे. कापावर रसाचे थेंब उभे होते आणि त्यांत ऊन शिरलं होतं, सरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. एवढा नीट काप तिला स्वतःला, ऐन उमेदीत, सकाळच्या पहिल्या प्रहरीसुद्धा साधला नव्हता.

तिनं थेंब बोटावर घेतला, चाखला.

उन्हं कलायच्या आत रान निघालं. दगडाबाईनं मान वर केली, आणि तिला घराच्या अंगणापासून थेट पाण्यापर्यंत दिसलं. मध्ये काही नव्हतं. एरवी हे दिसायला टोळीची कितीतरी दिवस वाट बघावी लागे, आणि दिसे तेही तुकड्यातुकड्यानं, थकल्या डोळ्यांना. आज सगळं पाणी एकदम दारात येऊन उभं राहिलं होतं, सोन्यासारखं हलत. पाखरं परत येऊन काठावर उतरत होती. ती कितीतरी वेळ हात जोडल्यासारखी उभी राहिली. कुणाला, ते तिनं ठरवलं नाही.

"वयनी," भानुदास मागनं हळूच म्हणाला, "आमच्या रानात कवा येतंय यंत्र?"

"तुमची सरी अरुंद हाय. यंत्र आलं तर उसासंगं तुमच्या मिशाबी घिऊन जाईल. आदी सरी मोठी करा. आन् मला नगं, तिला इचारा."

राजेश्वरी यंत्राला टेकून, तांब्या तोंडाला लावून गटागटा पाणी पीत होती. दिवसातलं पहिलं. सासू येताना दिसली तशी तिनं तांब्या खाली ठेवला आणि पदर सावरला. काय ऐकावं लागणार, याची सवय असलेल्या माणसासारखी उभी राहिली.

दगडाबाईनं तिच्या कपाळावरचा पाचटाचा तुकडा चिमटीनं काढला.

"ऐक राजे," ती म्हणाली, बांधावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "नुसतं व्हय-व्हय करनाऱ्या बाईच्या हातात मी रान कदीच सोडलं नसतं. आज न्हाय म्हनालीस. म्हंजे रान तुला कळतंय. आता हे तुज्या हातात. पुढल्या सालापासनं कडंची जागा मोकळी ऱ्हाईल, मी बेन्याचं टिपरूबी टाकनार न्हाय. वाढ्याची काय सोय करायची ती तू कर. पन उद्यापासनं रोज एकदा तरी मला न्हाय म्हनायचं. आन् ते बूट गोठ्याच्या भाईर काढायचं. म्हस बिचकती."