कोकराची जागा

जुळे सोलापुरातल्या वन रूम किचनमध्ये प्रियंकाचं ऑफिस सहा महिने पलंगावरच चाललं होतं. मग टेबल आणलं, तर वायरी, फायली आणि खोक्यांनी खोलीच गिळली. त्यातच सांगोल्याकडून तिची आई, गोजाबाई आली. सकाळभर ती लेकीची चाल आणि काम करणारे हात नुसते बघत बसली. मग तिनं पदर खोचला.

"सगळं भाईर काढ."

मेंढरांमागं हिंडताना अख्खा संसार एका घोडीवर लादायचा आणि रोज नव्या रानात मांडायचा, हे तिनं जन्मभर केलेलं. तिनं टेबल खिडकीशी सरकवलं, वायरी लोकरीच्या दोरीनं त्याच्या पायाला आवळल्या आणि लेकीचा हात जिकडं जायचा तिकडंच एकेक वस्तू मांडली.

"आता डोळं मीट, आन् काय पायजे ते घे."

प्रियंकानं डोळे मिटून हात नेला. चार्जर, वही, बाटली, मनात येईल ते हातात!

एक कोपरा तेवढा मोकळा होता. तिथं प्रिंटर ठेवायला ती निघाली, तसा गोजाबाईनं तिचा हात धरला.

"तितं न्हाय. मेंढरांच्या तळावर एक जागा मोकळी ठेवायची असती, नव्या कोकराला."

"इथं कुठलं कोकरू, आई?"

"मेंढीची चाल बघून वळखते मी. तू तर माझ्या पोटची हायेस की."

प्रियंकाला कालच कळलं होतं, आणि अजून तिनं नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.