मोलकरणीचा आवाज

नोएमीने वाक्य सरळ, शुद्ध स्पॅनिशमध्ये म्हटलं आणि काचेपलीकडे डबिंगचा दिग्दर्शक रामिरोने कपाळाला हात लावला.

मालिका अमेरिकन, विनोदी. लॉस एंजेलिसच्या एका श्रीमंत घरातली मेक्सिकन मोलकरीण मोडकंतोडकं इंग्रजी बोलते आणि प्रेक्षक हसून लोटपोट होतात. आता तीच मालिका मेक्सिको सिटीत स्पॅनिशमध्ये होत होती. इथे सगळेच मेक्सिकन. मग हसायचं कुणाला?

"डोंगरातल्या बायका बोलतात तसं बोल," रामिरो म्हणाला. "अगं, हशा आधीच रेकॉर्ड करून भरलेला आहे. वाक्य त्याला साजेसं नको?"

"साधं बोलले तर नाही चालणार?"

"मग दुसरी कुणीतरी बोलेल. बघ तू."

नोएमीला तसं बोलणं शिकावं लागणार नव्हतं. तिची आई एउलालिया ओआहाकाच्या डोंगरातून या शहरात आली त्याला चाळीस वर्षं झाली, पण झापोतेक भाषेत वाढलेल्या तिच्या जिभेला स्पॅनिश कधी पुरतं वळलं नाही. आणि आई लेकीचा एकही कार्यक्रम चुकवत नसे. तिच्या मनाला लागलं तर? नोएमी पाणी प्याली आणि आईच्या आवाजात म्हणाली,

"बाई, कुत्रा थंडी वाजतो तर घरात घे की त्याला. सोटर कशाला?"

रामिरो उठून टाळ्याच वाजवू लागला.

पहिला भाग लागला तेव्हा मायलेकी शेजारी बसल्या होत्या. वाक्य आलं, पाठोपाठ हशा. नोएमी आईकडे बघायचं टाळत होती. आई मात्र हसली, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"हुबेहूब मी," ती आपल्या भाषेत म्हणाली. "गुणाची गं माझी पोर."

"राग नाही ना आला?"

"राग कसला, वेडाबाई? कॉफी घे, गार होतेय."

नोएमीच्या जिवात जीव आला. आपण उगाच घाबरलो, असं तिला वाटलं.

रविवारी दोघी बाजारात गेल्या. भाजीवालीशी दहा मिनिटं हुज्जत घातल्याशिवाय आईने आजवर कधी टोमॅटो घेतला नव्हता. आज तिने भाजीवालीचं बोलणं नुसतं ऐकून घेतलं, टोमॅटोकडे बोट दाखवलं आणि लेकीला हलकेच पुढे केलं.

"तू विचार," ती कुजबुजली.