आधी हललेलं शेपूट

जुन्या पौराणिक चित्रपटातला महानाग अकरा माणसांचा होता. कापडाखाली सगळे वाकून चालायचे आणि सर्वांत शेवटी असायचे शेपूटकाका. पुढच्याने नागाची मान वळवली की कमरेच्या दोरीतून झटका एकेकाला लागत त्यांच्यापर्यंत यायचा, तेव्हा कुठे शेपूट हलायचं.

आज नव्या चित्रपटात तोच नाग पाहून काकांना किळस आली. नाग चकचकीत होता, तोंडातून जाळ काढत होता. पण डोकं वळायच्या आधीच त्याचं शेपूट हलत होतं.

थिएटरबाहेर पुतणी कॅमेरा घेऊन उभी होती. हा नाग तिनेच कॉम्प्युटरवर बनवला होता.

"काका, 'जुन्यापेक्षा भारी' एवढंच म्हणा. दिग्दर्शक साहेबांना शब्द दिलाय मी. नाहीतर पुढच्या सिनेमात मला घेणार नाहीत."

"अगं, नाग आहे की कुत्रं? भेटेल त्याला आधी शेपूट हलवतोय!"

"इतकं कोण बघतं?"

"तुला दिसलं होतं?"

"पहिल्याच दिवशी. साहेब म्हणाले, चालतंय. मग मीही म्हटलं, चालतंय."

आत आली नव्हती एवढी किळस काकांना आता आली.

"कर सुरू," ते म्हणाले. तिने घाईघाईने कॅमेरा त्यांच्यावर रोखला.

"हा नाग चुकलाय. बनवणारीला ते ठाऊक होतं."

तिचा हात खाली आला. "हे मी कोणाला दाखवू, काका?"

"साहेबांना. तुझ्या तोंडून निघत नसेल, तर माझ्या तोंडून ऐकू देत."